'मंडळी आली आहे' की 'मंडळी आली आहेत'? समूहवाचक नामे आणि क्रियापदाचे वचन

प्रश्न असा आहे: समिती, जमाव, संघ, सरकार, मंडळी हे शब्द एका दमात अनेक माणसांबद्दल बोलतात. मग त्यांच्यापुढचे क्रियापद एकवचनी ठेवायचे की अनेकवचनी? 'जमाव पांगला' बरोबर असेल, तर 'मंडळी निघाली आहेत' हे चूक का वाटत नाही? आणि 'शिक्षकवृंद उपस्थित होते' हे अहवालांत सर्रास दिसणारे वाक्य बरोबर आहे का?

मराठीत क्रियापद नामाचे व्याकरणातले लिंग आणि वचन पाहते. त्या नामाने दाखवलेल्या समूहात पाच माणसे आहेत की पाच हजार, याच्याशी क्रियापदाला देणेघेणे नसते. 'समिती' हा स्त्रीलिंगी एकवचनी शब्द आहे, म्हणून 'समिती आली'. समित्या दोन असतील तर 'समित्या आल्या'. 'जमाव पांगले' हे वाक्य व्याकरणात बसते, पण त्याचा अर्थ ठिकठिकाणचे अनेक जमाव पांगले असा होतो. एका जमावातली सगळी माणसे पांगली असे सांगायचे असेल तर 'जमाव पांगला' असेच लिहावे लागते. इथपर्यंत नियम सरळ आहे. गोंधळ होतो तो तीन ठिकाणी: जे शब्द समूहवाचक वाटतात पण नाहीत तिथे, जिथे एकवचन आणि अनेकवचन दिसायला सारखेच असते तिथे, आणि 'मंडळी'सारख्या शब्दांत, जिथे वापरानेच वेगळी वाट धरली आहे.

पहिल्या गटासाठी एक सोपी कसोटी आहे. शब्दाच्या आधी 'एक' लावा आणि तो 'एक' काय मोजतो ते पाहा. 'एक समिती', 'एक थवा', 'एक पथक' म्हटले की एक समूह मोजला जातो, म्हणजे शब्द खरा समूहवाचक आहे आणि क्रियापद एकवचनी. 'एक पोलीस' म्हटले की एक माणूस मोजला जातो. म्हणजे 'पोलीस' समूहवाचक नाहीच. अकारान्त पुल्लिंगी शब्दांचे अनेकवचन मूळ रूपासारखेच राहते (एक दगड, दहा दगड), त्यामुळे 'पोलीस आला' म्हणजे एक जण आणि 'पोलीस आले' म्हणजे अनेक. सगळे खाते एकत्र धरायचे असेल तर शब्द बदलावा लागतो: 'पोलीस दल सज्ज आहे', 'पोलीस पथक रवाना झाले आहे'. 'एक लोक' असे तर म्हणताच येत नाही. माणसे या अर्थाचा 'लोक' कायम पुल्लिंगी अनेकवचनी आहे: 'लोक आले आहेत', 'लोक विचारतात'. बोलण्यात 'लोकं आली' असे नपुंसकलिंगी रूप सर्रास ऐकू येते. बोलीत त्याला जागा आहे, प्रमाण लेखनात 'लोक आले' हेच ठेवावे.

'एक' न लागणारे आणखी काही शब्द आहेत: जनता, प्रजा, रयत, गर्दी. यांची गणती होत नाही, पण त्यामुळे ते अनेकवचनी ठरत नाहीत. इथे 'ला' प्रत्यय लावून पाहावे. 'जनतेला', 'प्रजेला', 'गर्दीला' ही एकवचनी रूपे आहेत, 'लोकांना' अनेकवचनी. 'जनतेंना' असे कोणी म्हणत नाही, म्हणून 'जनता विचारतात' हेही चालत नाही. 'जनता विचारते'.

आता दुसरे ठिकाण, आणि माझ्या मते सगळ्या घोळाचे खरे मूळ इथेच आहे. 'येणे' या क्रियापदाची भूतकाळी रूपे शेजारी शेजारी मांडून पाहा. एकवचनात आला, आली, आले. अनेकवचनात आले, आल्या, आली. स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन दोन्ही 'आली'. नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन दोन्ही 'आले'. हीच जुळवाजुळव 'ही' आणि 'हे' या दर्शक सर्वनामांत आहे, 'चांगली' आणि 'चांगले' या विशेषणांत आहे, आणि 'होती', 'होते' या सहायक क्रियापदांतही आहे.

परिणाम असा की 'एक जोडपे तिथे राहत होते' हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात 'होते' हे अनेकवचन आहे (ते दोघे राहत होते) की नपुंसक एकवचन आहे, हे वाक्य पाहून कळत नाही. दोन्ही समज असलेली माणसे तेच वाक्य लिहितात आणि दोघांचेही बरोबर ठरते. पण काळ बदलला की फरक उघडा पडतो. 'एक जोडपे तिथे राहते' बरोबर, 'राहतात' चूक. 'मंत्रिमंडळ बैठकीला बसले' यात शंका नाही, पण पुढे 'बसले आहे' लिहायचे की 'बसले आहेत' इथे हात अडखळतो. म्हणून कसोटीचे वाक्य नेहमी 'आहे/आहेत', 'येते/येतात' किंवा 'येईल/येतील' या रूपांत घालून पाहावे. भूतकाळातल्या नुसत्या 'ले' आणि 'ली'वर, किंवा 'होते', 'होती'वर विसंबून निर्णय घेऊ नये, कारण ती रूपे काही सांगतच नाहीत. मंत्रिमंडळ नपुंसक एकवचनी, म्हणून 'बसले आहे'.

'सरकार' या शब्दात ही गंमत आणखी एका पायरीने पुढे जाते. राज्यकारभार करणारी यंत्रणा या अर्थी तो नपुंसकलिंगी एकवचनी आहे: 'सरकार अडचणीत आले आहे', 'सरकार म्हणते'. जुन्या संस्थानी वळणात धनी किंवा राजा या अर्थी तोच शब्द आदरार्थी येतो: 'सरकार आले आहेत', 'सरकार म्हणतात'. दोन्हींचा भूतकाळ मात्र 'सरकार आले'. ऐतिहासिक मजकूर लिहिताना किंवा तपासताना आधी अर्थ ठरवावा, मग क्रियापद.

'कुटुंब' या शब्दाचे उदाहरणही बोलके आहे. जुन्या गद्यात तो पत्नी या अर्थाने येतो. तेव्हाही 'कुटुंब माहेरी गेले आहे' असेच लिहिले जाते. व्यक्ती एक, ती स्त्री, तरी क्रियापद नपुंसक एकवचनी. शब्दाच्या रूपापुढे अर्थ किती मागे राहतो हे यावरून दिसते. आजच्या अर्थानेही 'कुटुंब स्थलांतरित झाले आहे' हे एकवचनच. माणसे दाखवायची असतील तर 'कुटुंबीय' हा वेगळा शब्द हाताशी आहे आणि तो अनेकवचनी आहे: 'कुटुंबीय चिंतेत आहेत'.

आता 'मंडळी'. शब्दकोश त्याला स्त्रीलिंगी नाम म्हणतात. त्या हिशेबाने 'मंडळी आली आहे' हवे, आणि ते चूक नाही. पण माणसे या अर्थाने आज बहुतेक जण 'मंडळी आली आहेत' म्हणतात, आणि तेही चूक नाही. हे कसे घडले असावे ते वर मांडलेल्या रूपांवरून कळते. 'ही मंडळी आली' या वाक्यात 'ही' आणि 'आली' दोन्ही स्त्रीलिंगी एकवचनीही आहेत आणि नपुंसक अनेकवचनीही. 'ही माणसे आली' आणि 'ही मंडळी आली' यांचा साचा ऐकायला एकच. माणसांच्या मिश्र गटाला मराठी नपुंसक अनेकवचन सहज वापरते (मुले आली, माणसे जमली), त्यामुळे ऐकणाऱ्याने 'मंडळी'लाही त्याच रांगेत बसवले. याचा पुरावा असा की 'मंडळी आल्या आहेत' असे स्त्रीलिंगी अनेकवचन कोणी करत नाही, आणि 'पुरुष मंडळी बसले आहेत' असे पुल्लिंगीही करत नाही. 'पुरुष मंडळी बसली आहेत' असेच कानाला बरोबर वाटते. म्हणजे एकवचन सोडले की हा शब्द थेट नपुंसक अनेकवचनात जातो, मधे कुठे थांबत नाही.

'ला'ची कसोटीही हेच सांगते. 'वडीलधाऱ्या मंडळींना बोलवा' हे सहज येते, 'वडीलधाऱ्या मंडळीला' अडखळते. म्हणून माझा सल्ला असा: माणसे या अर्थी 'मंडळी' अनेकवचनी धरावी आणि मग शेवटपर्यंत तशीच ठेवावी. एका परिच्छेदात 'मंडळींनी ठरवले' आणि पुढच्या ओळीत 'मंडळी निघाली आहे' असे करू नये. 'मंडळीनी' हे रूप तर कोणत्याच बाजूने बसत नाही. एकवचन असेल तर 'मंडळीने', अनेकवचन असेल तर अनुस्वारासह 'मंडळींनी'. अनेकवचनी सामान्यरूपावर (प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे जे रूप होते त्यावर) अनुस्वार द्यायचा हा लेखननियम आहे, आणि 'मंडळीचा', 'मंडळींचा' यांसारख्या रूपांत वचनाची एकमेव खूण तो अनुस्वारच असतो. तो गाळला तर वाचकाच्या हातात काहीच उरत नाही.

संस्थेच्या नावात मात्र 'मंडळी' आजही स्त्रीलिंगी एकवचनी आहे. किर्लोस्कर नाटक मंडळी १८८० साली उभी राहिली, गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली. 'गंधर्व नाटक मंडळीने प्रयोग केले' असे लिहावे, 'मंडळींनी' नव्हे. 'एक नाटक मंडळी' असे म्हणता येते, 'एक वडीलधारी मंडळी' म्हणता येत नाही. 'एक'ची कसोटी इथे दोन अर्थ अगदी स्वच्छ वेगळे करते.

'वृंद', 'वर्ग', 'समुदाय', 'समूह' यांनी संपणारे शब्द एकवचनी आहेत. म्हणून 'शिक्षकवृंद उपस्थित होता', 'प्रेक्षकवर्ग भारावला', 'कर्मचारीवर्ग संपावर आहे'. 'शिक्षकवृंद उपस्थित होते' हे चूकच. ही चूक का होते तेही समजण्यासारखे आहे. अशा वाक्यांत बहुधा आधी 'मुख्याध्यापक व' असे काही असते. 'मुख्याध्यापक व शिक्षकवृंद उपस्थित होते' हे बरोबर आहे, कारण दोन कर्ते 'व'ने जोडले गेले आहेत. पहिला कर्ता काढून टाकला आणि क्रियापद बदलायचे राहून गेले की चूक तयार. 'जन' मात्र अनेकवचनी: 'गुरुजन आले आहेत', 'गुरुजनांना'. 'गण' मधल्या अवस्थेत आहे. 'भक्तगण जमला' आणि 'भक्तगण जमले' दोन्ही वाचायला मिळतात. औपचारिक लेखनात मी एकवचन निवडेन, पण दुसऱ्याला चूक म्हणून खोडणार नाही.

'सह' आणि 'व' यांतला फरक इथेच सांगायला हवा. 'कर्णधारासह संघ परतला' यात कर्ता एकच, संघ. 'सह', 'बरोबर', 'समवेत' ही शब्दयोगी अव्यये कर्त्यात भर घालत नाहीत. 'कर्णधार आणि संघ परतले' यात कर्ते दोन.

हे सगळे कर्ता प्रथमेत, म्हणजे विभक्तीचा प्रत्यय न लागता, असतानाच लागू आहे, ही अट विसरली जाते. कर्त्याला 'ने' लागला की क्रियापदाचा त्याच्याशी संबंध तुटतो आणि ते कर्माकडे वळते. 'समितीने अहवाल दिला', 'समितीने शिफारस केली', 'समितीने शिफारशी केल्या'. तिन्हींत समिती एकच आहे, क्रियापद बदलले ते कर्मामुळे. 'समितीने अनेक शिफारशी केली' अशी वाक्ये लिहिली जातात, कारण लिहिणारा 'समिती एकवचनी, म्हणून क्रियापद एकवचनी' हा नियम नको तिथे लावतो. समूह कर्माच्या जागी असेल तरी हेच: 'पोलिसांनी जमाव पांगवला' यात क्रियापद जमावाप्रमाणे चालते. 'पोलिसांनी जमावाला पांगवले' यात कर्मालाही प्रत्यय लागला, मग क्रियापद भावे प्रयोगात, म्हणजे कर्ता आणि कर्म दोघांनाही न जुमानता, नपुंसक एकवचनी. तिथे जमाव एक असो की दहा, 'पांगवले'च.

समूह आणि त्याचे घटक एकाच पदसमूहात आले की कोणाकडे पाहायचे? षष्ठीचा प्रत्यय (चा, ची, चे) कुठे आहे ते पाहावे. 'पक्ष्यांचा थवा उडाला'. 'चा' प्रत्यय पक्ष्यांना लागला, ते विशेषणाच्या जागी गेले, मुख्य नाम थवा. 'गव्हाची दहा पोती भिजली' यात पोती मुख्य. पण 'दहा पोती गहू भिजला' यात षष्ठी नाही, 'दहा पोती' हे परिमाण आहे आणि मुख्य नाम गहू. तसेच 'वह्यांचे दोन गठ्ठे आले' आणि 'दोन गठ्ठे वह्या आल्या'. वस्तू त्याच, क्रियापद वेगळे. चूक बहुतेक लांब वाक्यांत होते: 'हजारो कामगार, त्यांच्या घरातील स्त्रिया आणि मुले यांचा मोर्चा दुपारी मुख्य चौकात पोहोचले'. एवढी माणसे डोळ्यांपुढे आल्यावर 'पोहोचले' लिहावेसे वाटते, पण मुख्य नाम मोर्चा आहे, म्हणून 'पोहोचला'. अशा वाक्यात षष्ठीपर्यंतचा भाग बोटाने झाकून उरलेले वाचावे. 'मोर्चा दुपारी मुख्य चौकात पोहोचला', एवढेच राहते आणि उत्तर समोर येते.

अंशवाचक शब्दही याच पद्धतीने सुटतात. 'निम्मा संघ बाद झाला', 'अर्धी समिती बदलली', 'अख्खा वर्ग हसला' यांत विशेषण समूहाला लागले आहे, म्हणून एकवचन. 'संघातले निम्मे खेळाडू बाद झाले', 'समितीतले अर्धे सदस्य बदलले' यांत मुख्य नाम घटक आहेत, म्हणून अनेकवचन. टक्क्यांना स्वतःचे मत नसते, ते पुढच्या नामाप्रमाणे वागतात: 'साठ टक्के काम झाले', 'साठ टक्के जागा भरल्या', 'साठ टक्के निधी खर्च झाला'. रक्कम आणि काळ मात्र मराठीत सुटे मोजले जातात: 'पन्नास रुपये पुरले असते', 'दहा वर्षे लागली'. रक्कम एकच आहे म्हणून 'पन्नास रुपये पुरला' असे कोणी म्हणत नाही. 'पन्नास रुपये ही रक्कम पुरेशी आहे' असे स्पष्ट केले तर क्रियापद रकमेकडे वळते.

समासांबद्दल थोडक्यात. समाहार द्वंद्व (ज्यात जोडलेल्या पदांतून सगळा समूह एकत्र सुचतो) एकवचनी: 'भाजीपाला महागला आहे', 'केरकचरा साचला आहे'. इतरेतर द्वंद्व (ज्यात पदे 'आणि'ने जोडलेली असतात) अनेकवचनी: 'आईवडील आले आहेत'. द्विगु समास (ज्याचे पहिले पद संख्या असते) एकवचनी: 'त्रिभुवन', 'नवरात्र'. नऊ रात्री असल्या तरी 'नवरात्र सुरू झाले आहे'.

ज्यांना इंग्रजीतून मजकूर आणायचा असतो त्यांची अडचण वेगळी आहे. ब्रिटिश इंग्रजीत समिती किंवा संघ या शब्दांना सदस्यांच्या दृष्टीने अनेकवचनी क्रियापद चालते. समितीत एकमत नाही, असे तिथे क्रियापदाच्या वचनातून सुचवता येते. मराठीत ती सोय नाही, पण तिची गरजही नाही. मराठी समूहाला अधिकरण, म्हणजे क्रियेचे ठिकाण, करते आणि कर्ता दुसराच आणते: 'समितीत मतभेद आहेत', 'समितीत दोन तट पडले', 'समितीचे एकमत होत नाही'. 'समिती विभागले गेले आहेत' असे काही बनवत बसण्यापेक्षा ही वळणे वापरावीत.

समूहाऐवजी त्याच्या घटकांना कर्ता कधी करायचे, यासाठी एक भरवशाची खूण आहे. वाक्यात 'आपापला', 'एकमेकांना' किंवा 'परस्परांशी' यांपैकी काही आले, तर कर्ता अनेकवचनी हवाच, आणि समूहवाचक नाम एकटे पुरत नाही. 'वर्ग आपापल्या घरी गेला' लंगडे आहे, 'वर्गातली मुले आपापल्या घरी गेली' नीट चालते. 'संघाने एकमेकांचे अभिनंदन केले' याऐवजी 'संघातील खेळाडूंनी एकमेकांचे अभिनंदन केले'. 'जोडपे' हा शब्द यातून काही प्रमाणात सुटतो. 'जोडपे एकमेकांकडे पाहत होते' हे खटकत नाही, कारण त्या शब्दात दोन माणसे कायम दिसत राहतात.

पुढच्या वाक्यातले सर्वनाम हा सर्वात निसरडा भाग. 'समितीने अहवाल सादर केला. त्यांनी तीन शिफारशी केल्या.' अशी सरमिसळ चांगल्या लेखनातही आढळते. भाषाशास्त्रज्ञ ग्रेव्हिल कॉर्बेट यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की नामापासून जसजसे दूर जावे तसतसा रूपाचा धाक कमी होतो आणि अर्थाचा वाढतो: नामाला चिकटलेले विशेषण रूपाला सर्वाधिक बांधील, मग क्रियापद, मग संबंधी सर्वनाम (जो, जी, जे), आणि पुरुषवाचक सर्वनाम (तो, ती, ते) सर्वात मोकळे. मराठीत हे तंतोतंत जाणवते. एकाच समितीला 'ह्या समिती' कोणी म्हणत नाही, 'समिती आले आहेत' क्वचितच कोणी म्हणेल, पण 'त्यांनी' सहज निसटते. बोलण्यात ते सोडून द्यावे. कायदेशीर मसुदा, ठराव, इतिवृत्त यांत मात्र 'तिने' लिहावे. ते कृत्रिम वाटत असेल तर 'समितीने' हा शब्द पुन्हा लिहावा, किंवा 'समितीच्या सदस्यांनी' असा कर्ता उघड करावा. यातला फरक केवळ शैलीचा नाही. 'समितीने सही केली' आणि 'सदस्यांनी सह्या केल्या' यांतून जबाबदारी कोणाची हे वेगळे ठरू शकते.

फलक आणि निमंत्रणपत्रिकांत व्याकरणातल्या पुरुषाची (मी, तू, तो) चूक याला जोडून येते: 'आमचे मंडळ आपले स्वागत करीत आहोत'. कर्ता 'मंडळ', तृतीयपुरुषी एकवचनी, म्हणून 'करीत आहे'. 'आहोत' हवेच असेल तर कर्ता बदलावा: 'मंडळातर्फे आम्ही आपले स्वागत करीत आहोत'.

उरतात ती मूळ रूपातच अनेकवचनी असलेली नावे. 'संयुक्त राष्ट्रे' हे नाव वापरले तर 'संयुक्त राष्ट्रांनी', 'संयुक्त राष्ट्रे प्रयत्न करत आहेत'. 'संयुक्त राष्ट्रसंघ' वापरले तर 'संघाने', 'प्रयत्न करत आहे'. संस्था एकच, दोन्ही नावे रूढ, पण एका लेखात एकच निवडावे. याच्या उलट 'संघटना', 'सेना', 'संस्था' हे शब्द दोन्ही वचनांत सारखे दिसतात. 'विद्यार्थी संघटना आक्रमक' एवढाच मथळा दिला तर संघटना एक की अनेक हे कळायला मार्ग नसतो. क्रियापद लिहिले की उलगडते: 'आक्रमक झाली' किंवा 'आक्रमक झाल्या'. मथळ्यात क्रियापदाला जागा नसेल तर 'दोन', 'सर्व' किंवा 'विविध' यांपैकी एक शब्द तरी पुढे घालावा.